सोपटाची दोरी

कुंदाबाईंना सुटं काही बघवत नसे. टेबलावर खडू सुटे दिसले की त्यांची जुडी बांधायच्या. एखाद्या पोरीच्या वेणीची रिबीन हरवली की वेणी बांधून द्यायच्या. फाटकाची कडी तुटली तर सुताराला निरोप जायच्या आधी फाटक बांधलेलं असायचं. या सगळ्या बांधाबांधीला त्यांच्याकडे एकच वस्तू होती, केळीचं सोपट. केळीच्या खांबाची सालं वाळली की त्यांच्या पट्ट्या निघतात, जरा भिजवल्या की सुतळीसारख्या वळतात. आगाशी-नंदाखालकडच्या वाडीवाल्यांचं सगळं त्यानेच बांधलं जातं. भाजीची जुडी, फुलांची वेणी, पानांची चवड, मांडवाचा बांबू. बाई त्यांच्यातल्याच. आपण मोबाइल घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, तशा त्या कमरेच्या रुमालात सोपटाचं वेटोळं घेतल्याशिवाय शाळेत येत नसत.

"सुटं राहिलं की हरवतं," असं म्हणायच्या. खडूबद्दलही म्हणायच्या आणि पोरांबद्दलही.

नंदाखालच्या त्या बालवाडीत मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. मी विरार पूर्वेहून यायचे, पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून बस. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कुठे राहता. म्हटलं, फुलपाड्याला. "मग फुलं असतील घराशी." म्हटलं, बाई, दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत एक तुळस आहे, तीही शेजारीण पाणी घालते म्हणून. "म्हणजे नाव मोठं लक्षण खोटं," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी मला जास्वंदीचं रोप आणून दिलं, अर्थात मुळांना सोपट बांधलेलं. ते महिन्याभरात मेलं. पुढे कधी मी उशिरा आले, किंवा खिचडी करपवली, की बाई शांतपणे विचारायच्या, "जास्वंदी कशी आहे?"

बाईंनी लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरी, वाडीतच राहायच्या. भाऊ, म्हणजे वसंतदादा, आणि त्या एकमेकांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायला लागले की मला निम्मं समजत नसे, आणि समजू नये अशीच त्यांची इच्छा असावी. बाईंचा आवाज घोगरा होता. रागावल्या की तो चढायच्या ऐवजी उतरायचा, आणि पोरं त्या उतरलेल्या आवाजाला जास्त भ्यायची.

बाईंचा शिकवण्याचा म्हणून जो काही नियम होता, तो एकच. एकाला करायचं ते सगळ्यांना करायचं. एका पोराने चड्डीत शू केली, भर वर्गात, आणि बाकीची हसायला लागली. बाईंनी पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलला आणि सगळ्यांच्या मांडीवर शिंतोडे मारत सुटल्या. मला पण भिजवलं. दोन मिनिटांत कोणाची चड्डी कशाने ओली हे देवालाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी आयांच्या तक्रारी मी ऐकून घेतल्या, कारण बाई मागच्या दाराने वाडीत निघून गेल्या होत्या.

"पोराला एकट्याला काही केलं की ते एकटं पडतं," असं त्या मला समजावून सांगायच्या. "मायेने केलं तरी पडतं." हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी हे सगळं लिहायला बसले ते त्यामुळेच, कारण ज्या बाईला हे ठाऊक होतं तिच्याच हातून पुढचं घडलं.

पूर्वा आली तेव्हा चार वर्षांची असेल. आईबाप दोघंही कामणच्या गोदामात कामाला, सकाळी निघायचे ते दिवेलागणीला परत. पोर आजीच्या पदराला. आजी खाडीकडच्या भातशेतीच्या गावातली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बोलणं खणखणीत. पूर्वाच्या अंगात लांब बाह्यांचा फ्रॉक होता आणि हातांत मोजे होते. पायात घालायचे मोजे, हातांत. पोरं अर्थातच हसली.

"बाय, आधीच सांगते," आजी म्हणाली. "पोरीच्या आंगाला इसब हाय. लोकं खरूज म्हनतात. खरूज नाय ती. कोनाला लागत नाय. खाजवून रगत काढते म्हनून मोजे घातलेत. आनि पानी लावू नका, पान्याने आग होते तिची."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"डाक्टर म्हनतो रोज आंघोल घाला. त्याचं काय जातं. रडते आमची पोर."

बाईंनी पूर्वाला जवळ घेऊन एकेक मोजा काढला. कोपरांच्या आतल्या घड्या, मनगटं, बोटांचे सांधे, मानेचा मागचा भाग, सगळं लाल, जाड, भेगाळलेलं. काही ठिकाणी खपल्या, काही ठिकाणी ओलं. मी तिथून नजर काढून घेतली. बाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि पोरीला विचारलं, "दुखतं का खाजतं?"

"रात्री खाजतं," पूर्वा म्हणाली. "सकाळी दुखतं."

त्या आठवड्यात बाई आजीबरोबर विरारच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. परत आल्या त्या सगळं डोक्यात घेऊन. कोमट पाणी, थोडाच वेळ. अंग चोळायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर असतानाच मलम. सुती कपडे, नखं लहान, आणि कडुनिंबाचा पाला वाटून लावणं बंद. आजीने हे ऐकून घेतलं, मानलं नाही. मग बाई रोज सकाळी शाळेच्या आधी त्यांच्या घरी जाऊन स्वतः आंघोळ घालू लागल्या. पहिले काही दिवस पोर किंचाळायची. मग किंचाळायची कमी झाली. मग एक दिवस आजीच म्हणाली, "बाय, तुमी राहू द्या आता. मी घालते."

शाळेत मात्र मोठा प्रश्न होता. मलम दिवसातून दोनदा लावायचं. नखं वाढू द्यायची नाहीत. खाजवलं की थांबवायचं. आणि हे सगळं एकट्या पूर्वाला करायचं नाही, कारण नियम. म्हणून दर सोमवारी अख्ख्या बालवाडीची नखं कापली जाऊ लागली, रांगेत बसवून, माझीसुद्धा. जेवणाआधी हात धुतले की सगळ्यांच्या हातांना काहीतरी चोपडलं जायचं. पूर्वाला डॉक्टरचं पांढरं मलम, बाकीच्यांना बाईंच्या वाडीतल्या नारळाचं तेल, दोन्ही सारख्याच वाटीतून. दुपारी आमची बालवाडी तेलात बुडवून काढल्यासारखी दिसायची. गणवेशाला डाग पडतात म्हणून आया भांडायला आल्या. बाई त्यांनाही हातावर तेल द्यायच्या आणि म्हणायच्या, "लावा, घरचं आहे."

खाजवण्यावर त्यांनी खेळ काढला. वर्गात कुणालाही खाज आली की त्याने "आली" म्हणायचं आणि सगळ्यांनी आपापल्या हातावर हलक्या चापट्या मारायच्या. खाजवायचं नाही, चापटायचं. पूर्वा सुरुवातीला "आली" म्हणायला लाजायची. पण बाकीच्यांना उगाचच खाज यायला लागली. अक्षरं गिरवायचा तास असला की हटकून यायची. दिवाळीपर्यंत पोरीची कातडी पुष्कळ निवळली. लांब बाह्या गेल्या, मोजे तर कधीच गेले. मला वाटलं, जिंकलो आपण.

राहिला फेर. शाळा सुटण्याआधी रोज सगळ्यांनी हात धरून गोल फिरायचं, ही बाईंची जुनी रीत. त्यात पूर्वाच्या एका बाजूला बाई असायच्या आणि दुसऱ्या बाजूला मी. दोन मोठ्यांच्या मध्ये ती फिरायची. पण हे बाईंना खुपत होतं. इतर कोणत्या पोराला आम्ही असं मध्ये घेतलं नव्हतं. दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी तिला पोरांच्यात उभं केलं. एका बाजूला ईशान आला. ईशान नव्या इमारतीतला, गुबगुबीत, स्वभावाने गरीब पोर. त्याची आई आधी एकदा येऊन गेली होती, "त्या मुलीपासून जरा लांब बसवा, मी काही वाईट म्हणत नाही हो, पण स्किनचं आहे." बाईंनी तिच्यादेखत पूर्वाचा हात उचलून स्वतःच्या गालावर घासला होता आणि आवाज उतरवून म्हणाल्या होत्या, "मी रोज धरते. माझं बघा काही झालंय का."

ईशानने हात धरायला नकार दिला नाही. त्याने शर्टाची बाही ओढून तळहातावर घेतली, आणि मग बाहीसकट पूर्वाचा हात धरला. आईने शिकवलं असणार. पूर्वाने त्या बाहीकडे बघितलं. मग तिने आपला तळहात सोडवून फ्रॉकला नीट पुसला आणि परत पुढे केला. बाईंनी फेर थांबवला आणि आज उशीर झाला म्हणून पोरांना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाईंनी मला वाडीत बोलावलं. बघते तर अंगणात सोपटाचा ढीग भिजत घातलेला आणि बाई पाय पसरून तीन पदरी वेणी वळताहेत, हाताच्या अंगठ्याएवढी जाड. वसंतदादा म्हणाले, "एवढी जाड दोरी कोणासाठी? म्हैस घेतलीस का?" बाई हसल्या नाहीत. दोरी पुरी झाल्यावर त्यांनी तिची दोन टोकं जोडून मोठं कडं केलं. सोपट हाताला टोचेल, पूर्वाला तर नक्कीच, म्हणून आईच्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्या त्यावर गुंडाळल्या. मग प्रत्येक पोराची एक अशा गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. "आता कुणी कुणाचा हात धरायचाच नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी दोरी धरायची. एकाला करायचं ते सगळ्यांना."

मला ती युक्ती फार आवडली. आवडली म्हणजे इतकी की मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितली.

दोरीचा फेर हा आमच्याकडचा कौतुकाचा विषय झाला. पोरं कधी नव्हे ती व्यवस्थित गोल फिरू लागली, ओढाओढ बंद, पडणं बंद. आपापल्या गाठीवरून भांडणं तेवढी व्हायची. तपासणीला आलेल्या मॅडमनी दोरी हातात घेऊन फोटो काढला. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो गावभर सगळ्यांच्या फोनवर फिरला. आजूबाजूच्या दोन बालवाड्यांनी तशाच दोऱ्या मागितल्या आणि बाईंनी वळून दिल्या. त्या व्हिडिओत पूर्वा आहे. पिवळ्या चिंधीची गाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून, तोंड उघडून हसते आहे. तो व्हिडिओ माझ्या फोनमध्ये अजून आहे, मी तो उघडत नाही.

पुढच्या वर्षी, थंडी सरता सरता, आम्ही पोरांना बाईंच्या वाडीत नेलं. केळीच्या बागेतून पाण्याचा पाट जातो, त्यावर एक फळी टाकलेली आहे. पाट गुडघाभरही नाही, पण पोरांना तो ओलांडायची मजा. बाई पलीकडे उभ्या, मी अलीकडे. पूर्वा तेव्हा बालवाडीतली मोठी झालेली, ती लगेच फळीवर चढली. तिच्या मागे सिया म्हणून एक नवीन, अगदी चिमुरडी होती. ती फळीच्या मध्यावर घाबरली आणि तिने पुढच्या पूर्वाकडे हात केला.

पूर्वा लांब सरकली. खिशातून रुमाल काढला, त्याचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं सियापुढे केलं. "हे धर," म्हणाली. "मला हात नाही लावायचा."

सियाने रुमाल धरला आणि दोघी पलीकडे गेल्या. बाईंनी विचारलं, "कोण म्हणालं तुला असं?"

पूर्वाला नवल वाटलं, बाईंनाच कसं माहीत नाही याचं. "तुम्हीच तर दोरी केली ना, बाई. मला कुणी हात लावायला नको म्हणून. सगळ्यांना माहितीये." हे ती रडून म्हणाली नाही, रागावून म्हणाली नाही. आकाश निळं असतं हे सांगावं तसं म्हणाली. वर थोडा अभिमानच होता, आपल्यासाठी केलेली दोरी म्हणून.

बाई पाटाच्या कडेला बसल्या. पाय पाण्यात, साडी पोटरीपर्यंत भिजलेली. त्यांनी पूर्वाला जवळ ओढलं आणि तिचा हात आपल्या हातात घेतला, पहिल्या दिवशी घेतला होता तसा. पूर्वाने तो दिला, पण उसना दिल्यासारखा, बोटं न मिटवता. आणि बाईंनी सोडल्यावर तिने रुमालाने बाईंचा तळहात पुसून दिला. नीट, बोटांच्या फटींतून. बाईंच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोरी कपाटात गेली. पोरांनी गोंधळ घातला, दोरी पाहिजे, दोरी पाहिजे. सगळ्यांत जास्त रडली पूर्वा. "माझी पिवळी गाठ द्या," म्हणून हमसून हमसून. बाईंनी हरतऱ्हा करून पाहिली. फुगडी शिकवली, साखळीचे खेळ घेतले, डोळे बांधून हाताने ओळखायचे खेळ घेतले. पूर्वा शहाण्यासारखी बाजूला उभी राहून टाळ्या वाजवायची. ईशान तोपर्यंत मोठ्या शाळेत गेला होता, बाहीची गोष्ट कुणाच्या लक्षात नव्हती, नव्या पोरांना इसब-बिसब काही माहीत नव्हतं. तिचा हात धरायला सगळी तयार होती. तीच देत नव्हती.

बस थांब्यावर एक दिवस बाई माझ्याबरोबर येऊन उभ्या राहिल्या. कधी यायच्या नाहीत. म्हणाल्या, "करायला गेले गणपती, झाला मारुती." मी म्हटलं, बाई, लहान आहे, विसरेल. त्या म्हणाल्या, "पोरं तिला खरजुली म्हणाली असती ना, तर ती त्यांच्याशी भांडली असती. मला बोलली असती, आजीला बोलली असती. माझ्याशी कशी भांडेल? मी तर माया केली." बस आली. बाई तिथेच उभ्या होत्या, मी वळून बघितलं तेव्हाही.

पूर्वा पहिलीत गेली. कातडीचं म्हणाल तर डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. बऱ्याच पोरांचं वाढत्या वयात कमी होतं, तिचंही झालं. चौथी-पाचवीत येईपर्यंत कोपराच्या घडीत जरासा काळसरपणा, एवढंच. आजीने देवाला नारळ ठेवला. बाईंना तेव्हा फार आशा वाटली. महिन्यातून एकदा तरी केळफूल नाहीतर वेलची केळ्यांचा घड घेऊन त्या तिच्या घरी जायच्या. दोन-तीनदा मीही गेले. पोर गोड, हुशार, अदबीची. चहा आणायची. कप आपल्या हातात देत नसे, समोरच्या स्टुलावर ठेवायची आणि मग मागे सरकायची. केळी घ्यायची ती बाईंनी खाली ठेवल्यावर. आजी कौतुकाने म्हणायची, "लय शिस्तीची हाय पोर. कोनाच्या आंगचटीला जायची नाय."

बाई चहा न पिता स्टुलाकडे बघत बसायच्या. नवरात्रात पूर्वा टिपऱ्या सुंदर खेळायची, टिपरीला टिपरी लागते, हाताला हात लागत नाही. गौरीच्या फुगडीला मैत्रिणींनी ओढलं की तिचे पाय दुखायचे. मोठ्या शाळेतल्या कुणालाही हे वावगं वाटलं नाही. कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं? मुलगी पहिल्या पाचात येते, कुणाला त्रास देत नाही, आणि कुणाला हात लावत नाही. यावर औषध मागायला कुठे जाणार? बाई एकदा त्या विरारच्या डॉक्टरकडेच गेल्या होत्या, हे मला वसंतदादांकडून कळलं. डॉक्टर म्हणाले, पेशंट तर बरी झाली आहे.

मग हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाईंच्या कमरेच्या रुमालात सोपट दिसेनासं झालं. खडू टेबलावर सुटे पडायला लागले. फाटकाची कडी तुटली ती तशीच लोंबत राहिली, पोरं ढकलून आत यायची. कुणाची रिबीन हरवली तर बाई मला हाक मारायच्या. एकाला करायचं ते सगळ्यांना, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मी कपाट आवरताना दोरी काढली. उंदरांनी एका बाजूने कुरतडली होती. विचारलं, बाई, नेता का? त्या म्हणाल्या, "जाळ." मी जाळली नाही. तिथेच ठेवली, नंतर कुणीतरी टाकली असेल.

गेल्या पावसाळ्यानंतर बाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. वसंतदादांनी कॉट पडवीत दाराशी टाकली होती, तिथून त्यांना केळीची बाग दिसायची. मी आठवड्याला जायचे. डोळ्यांनी सगळं कळायचं त्यांना. मी बसले की डोळे माझ्यावरून दाराकडे जायचे आणि परत माझ्यावर. कुणाची वाट बघताहेत हे मला समजायला वेळ लागला नाही.

पूर्वा आता अकरावीला आहे. मी घरी जाऊन सांगितल्यावर लगेच यायला निघाली. बसमध्ये मला म्हणाली, "मी कॉलेजमध्ये सगळ्यांना कुंदाबाईंची गोष्ट सांगते. आमच्या बालवाडीत एक बाई होत्या, त्यांनी माझ्यासाठी दोरी केली होती." ती पुढे म्हणाली, "मी त्यांच्याकडून एकच शिकले. आपल्यामुळे समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ द्यायचं नाही." मला तिला काहीतरी सांगायचं होतं. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला तिच्या सगळ्यांत जिवाभावाच्या आठवणीविषयी असं कुणी काय सांगावं, आणि कुठल्या तोंडाने?

ती कॉटपासून थोडं लांब, खुर्चीवर बसली. अर्ध्या बाह्यांचा ड्रेस होता. हात इतके स्वच्छ, नितळ, की बाई तेच बघत होत्या. बराच वेळ बघितलं. मग डावा हात अंथरुणावरून उचलला आणि तिच्यापुढे धरला, तळहात वर.

पूर्वाला कळलं काय हवंय ते. डोळे भरून आले तिचे. ती उठली, जवळ गेली, खांद्यावरच्या ओढणीचं एक टोक घेतलं आणि बाईंच्या तळहातावर ठेवलं. "बाई, आठवतंय?" म्हणाली. दुसरं टोक तिने स्वतःच्या दोन्ही हातांत धरलं, आणि हसली, त्या व्हिडिओतल्यासारखीच.

बाईंनी मूठ मिटली. घशातून काहीतरी आवाज आला, शब्द नव्हे. पूर्वाला तो आनंदाचा वाटला असावा. ती तशीच उभी राहिली, मधे ओढणी ताणलेली. वसंतदादांची बायको तोंडाला पदर लावून आत गेली.

निघायची वेळ झाली. बाईंची मूठ सुटेना. झटक्यानंतर एवढा जोर त्या हातात कुठून आला होता कोण जाणे. मी म्हटलं, "हलकेच बोटं सोडव, पूर्वा." ती वाकली. तिचा हात बाईंच्या मुठीपर्यंत आला. वीतभर अंतर राहिलं असेल. बाईंचे डोळे त्या हातावर होते, माझेही. हात तिथेच थांबला आणि मागे गेला. मग तिने खांद्यावरची पिन काढली, उरलेली ओढणी अंगावरून उतरवून कॉटवर ठेवली. "राहू दे त्यांच्याकडे," मला म्हणाली. "त्यांना हवी आहे ती." बाईंना वाकून नमस्कार केला, कॉटच्या लाकडाला हात लावून, पायांना नाही, आणि पायऱ्या उतरून केळीतून निघून गेली.

मी मागे वळून बघितलं. बाईंची मूठ तशीच मिटलेली होती. ओढणीचं दुसरं टोक कॉटवरून घसरून खाली लोंबत होतं. बाई त्याच्याकडे बघत होत्या. ते उचलून त्यांच्याजवळ ठेवावं असं माझ्या मनात आलं, पण ते धरणारी निघून गेली होती, म्हणून मी चपला घातल्या आणि बस थांब्याकडे निघाले.